‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ : क्रीडांगणाच्या पुनर्विकास-कराराची परिभाषा

जिल्ह्याच्या ठिकाणचे क्रीडांगण ही महाराष्ट्रात आता सर्वपरिचित गोष्ट आहे. मातीचे किंवा हिरवळीचे मैदान, एका बाजूस प्रेक्षकांसाठी सिमेंटच्या पायऱ्या, रस्त्याच्या बाजूस कधी दुकानांचे गाळे, असे त्याचे रूप असते. ही बांधकामे जुनी होऊ लागली म्हणजे पायऱ्यांना तडे जातात, छत गळते, धावपट्टी उखडते. दुरुस्तीस पुरेसा निधी स्थानिक संस्थेजवळ बहुधा नसतो. अशा वेळी ‘सार्वजनिक-खाजगी भागीदारी’ हा मार्ग सुचविला जातो. त्याच्या आर्थिक बाजूची चर्चा अर्थशास्त्राचे अभ्यासक करतात. प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. अशा योजनेचा करार ही प्रथमतः एक संहिता असते, आणि ती मराठीत ज्या संज्ञांनी ओळखली जाते त्या संज्ञा मूळ कल्पनेचा काही भाग झाकतात व काही भाग बदलतात. ‘भागीदारी’, ‘वापरा’ आणि ‘पुनर्विकास’ ह्या तीन शब्दांचा येथे विचार करावयाचा असून, त्यांचा कस लावण्यासाठी धाराशिव शहर डोळ्यांपुढे ठेवले आहे.

१. योजनेचे स्वरूप

योजना थोडक्यात अशी. जमीन शासनाची किंवा नगरपालिकेची राहते. खाजगी कंपनी स्वतःच्या भांडवलाने अथवा कर्जाने बांधकाम करते, ठरलेल्या मुदतीपर्यंत ती वास्तू चालविते, व मुदत संपताच ती मूळ मालकाच्या स्वाधीन करते. कंपनीस तिचा पैसा तीन वाटांनी परत मिळू शकतो. पहिली वाट म्हणजे वापरणाऱ्यांकडून घेतलेले शुल्क : तिकिटे, सभासद-वर्गणी, भाडे. दुसरी वाट म्हणजे वार्षिकी. हिच्यात शासनच दरवर्षी ठरावीक रक्कम कंपनीस देते. तिसरी वाट म्हणजे जागेचा काही हिस्सा व्यापारी उपयोगासाठी मोकळा करून देणे. प्रत्यक्षात ह्या तिन्ही वाटांचे मिश्रण आढळते. २०१६ मध्ये केंद्र शासनाने पायाभूत सुविधांच्या एकत्रित सूचीत क्रीडा-सुविधांचा समावेश केला. ह्या सूचीत नाव आल्यामुळे अशा बांधकामांना दीर्घ मुदतीची कर्जे मिळविणे सुलभ झाले.

ह्या तीन वाटांपैकी कोणती निवडली, यावर क्रीडांगणाचे पुढील आयुष्य अवलंबून असते. मोठ्या महानगरात तिकिटांवर भिस्त ठेवता येईल. लहान शहरात ती ठेवता येत नाही, म्हणून तेथे भार स्वाभाविकपणे जागेच्या व्यापारी उपयोगावर पडतो.

२. भागीदारी

‘भागीदारी’ हा शब्द मराठी मनुष्यास व्यापारातून ठाऊक आहे. भागीदार म्हणजे नफ्यातोट्याचा वाटेकरी. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमातही भागीदारीची व्याख्या नफ्याच्या वाटणीवरच उभी आहे. याउलट, सार्वजनिक-खाजगी भागीदारीच्या करारांत एक ठराविक कलम असते : ह्या करारामुळे उभय पक्षांत भागीदारी निर्माण झाली आहे असा अर्थ कोणी करू नये. म्हणजे योजनेच्या नावात जी भागीदारी आहे तीच तिच्या कलमात नाकारलेली असते. ह्यात लबाडी नाही. कंपनीने काढलेल्या कर्जाची जबाबदारी शासनावर येऊ नये, इतकाच त्या कलमाचा हेतू आहे. तथापि नावावरून सामान्य नागरिकाची जी समजूत होते, की लाभ झाल्यास तो आपल्याही वाट्यास येईल, तिला करारात आधार नसतो. वस्तुतः हा संबंध भागीदारांचा नसून मालक व मुदतबंद चालक यांचा आहे.

‘सार्वजनिक’ ह्या विशेषणाचीही तीच गत होते. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेपासून हा शब्द मराठीत ‘लोकांचा, लोकांनी चालविलेला’ ह्या अर्थाने रुजला. सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक गणेशोत्सव, हे प्रयोग त्याच अर्थाचे. पण ह्या योजनेच्या नावात सार्वजनिक म्हणजे केवळ शासकीय पक्ष. करारावर दोनच सह्या होतात, एक अधिकाऱ्याची व एक कंपनीची. मैदानावर रोज येणारा माणूस करारात पक्ष म्हणून कोठेच नसतो.

३. वापरा

तिसरी संज्ञा अधिक महत्त्वाची आहे. ज्या पद्धतीस इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बीओटी’ म्हणतात, तिला शासकीय मराठीत ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ असे नाव आहे. मूळ इंग्रजी शब्दत्रयीतील मधले क्रियापद ‘ऑपरेट’ हे होय. त्याचा सरळ मराठी अर्थ ‘चालविणे’ असा आहे. मराठी नावात मात्र तेथे ‘वापरणे’ आले. रूढ झालेल्या संज्ञेविषयी तक्रार करण्यात अर्थ नसतो. पण ह्या बदलाने काय घडले ते पाहिले पाहिजे.

‘चालविणे’ आणि ‘वापरणे’ ह्या क्रियांचे कर्ते सहसा भिन्न असतात. नाट्यगृह व्यवस्थापक चालवितो, प्रेक्षक वापरतो. दवाखाना डॉक्टर चालवितो, रोगी वापरतो. ‘वापरा’ हे आज्ञार्थी रूप ज्याला उद्देशून आहे तो कंपनी हा पक्ष होय. कारण बांधणारा व हस्तांतरित करणारा तोच आहे. परिणामी जो केवळ चालक असावयाचा, त्याला संज्ञेने वापरणाराही करून टाकले, आणि खऱ्या वापरणाऱ्याचे नाव घेण्यास वाक्यात जागाच उरली नाही.

रस्त्याच्या बाबतीत हा गोंधळ फारसा बाधत नाही. पथकर घेणाऱ्या कंपनीचे हित अधिकाधिक वाहने येण्यात असते, आणि वाहनचालकासही रस्ता खुला हवा असतो. दोघांच्या इच्छांची दिशा एक आहे. क्रीडांगणाचे तसे नाही. तेथे कंपनीचे उत्पन्न पुष्कळदा नेहमीच्या वापरणाऱ्यास दूर ठेवण्याने वाढते. पहाटे खो-खोचा सराव करणाऱ्या मुलींपासून काहीच प्राप्ती नसते. तेच मैदान प्रदर्शनास किंवा लग्नसमारंभास दिले तर भाडे मिळते. म्हणून रस्त्याच्या करारासाठी पुरेशी असलेली परिभाषा क्रीडांगणाच्या करारास पुरत नाही. येथे चालक व वापरणारा यांचे हक्क निरनिराळे लिहिले गेलेच पाहिजेत.

हा प्रश्न अशा योजनांहून जुना आहे. मुंबईचे ब्रेबर्न स्टेडियम १९३७ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने उभारले. तेथे सामने भरविणारी मुंबईची क्रिकेट संघटना व मालक क्लब यांच्यात प्रेक्षकांच्या जागांच्या वाटपावरून वाद झाला. तो न मिटल्यामुळे संघटनेने अगदी जवळच वानखेडे स्टेडियम बांधले, व जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. वापराच्या अटींवर एकमत न झाल्याने एकाच शहराच्या एकाच भागात दोन क्रीडांगणे उभी राहिली. त्या वादातील वापरणारा बलाढ्य होता, म्हणून त्याला दुसरे मैदान बांधता आले. सरावास येणाऱ्या शाळकरी मुलांना ते शक्य नसते.

४. दोन उदाहरणे

जुने शहरी स्टेडियम पाडून त्या जागी भागीदारीने नवे उभारण्याचे सर्वांत ठळक उदाहरण सिंगापूरचे आहे. कलांग येथील राष्ट्रीय स्टेडियम १९७३ मध्ये सुरू झाले व २००७ मध्ये बंद करण्यात आले. २०१० मध्ये शासनाने एका खाजगी कंपनीशी २५ वर्षांचा करार केला. सुमारे १३३ कोटी सिंगापूर डॉलर खर्चून नवे क्रीडासंकुल बांधले गेले, आणि २०१४ मध्ये ते खुले झाले. शासन कंपनीस दरवर्षी मोठी वार्षिकी देत होते. २०१६ मध्ये राष्ट्रदिनाचे संचलन तेथे व्हावयाचे होते. करारात त्यासाठी भाडे न आकारता ४५ दिवस राखून ठेवलेले होते. पण तयारीस त्याहून पुष्कळ अधिक दिवस लागणार होते. वाढीव दिवसांचे पैसे कोणी द्यावयाचे यावरून वाद निर्माण झाला. ज्या वास्तूच्या नावातच ‘राष्ट्रीय’ हे विशेषण आहे, तिच्यात राष्ट्राच्या उत्सवाचे दिवस मोजण्याची पाळी आली. कंपनीचे वागणे कराराबाहेरचे नव्हते. तिने शब्दांचा अर्थ शब्दशः घेतला इतकेच. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये, मुदतीस दहा वर्षांहून अधिक काळ शिल्लक असताना, शासनाने संकुल स्वतःच्या ताब्यात घेतले. लोकांना ते अधिक खुले व्हावे, हे त्यामागील एक प्रमुख कारण सांगण्यात आले.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील, आणि विद्यापीठीय वाचकांस विशेष जवळचे. तिरुवनंतपुरमजवळ कार्यवट्टम येथे केरळ विद्यापीठाच्या जमिनीवर ग्रीनफील्ड स्टेडियम बांधले गेले. ते जुन्या स्टेडियमचा पुनर्विकास नव्हे, पण कराराचा प्रकार तोच आहे. आयएल अँड एफएस समूहाच्या कंपनीने ते वार्षिकीच्या पद्धतीने उभारले. जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे उद्घाटन तेथे झाले. २०१८ मध्ये हा समूह कर्जफेडीस असमर्थ ठरला. त्यानंतर देखभालीचा प्रश्न वारंवार उपस्थित होत राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये तर आंतरराष्ट्रीय सामना काही दिवसांवर आला असता, थकलेल्या देयकापायी वीजमंडळाने स्टेडियमचा वीजपुरवठा तोडला. वीज तोडणारे मंडळ सार्वजनिक, जमीन सार्वजनिक, होऊ घातलेला सामनाही लोकांसाठी. तरी दिवे लावण्याचे उत्तरदायित्व ज्याच्याकडे होते तो चालक अडचणीत होता.

सिंगापूरमध्ये चालक समर्थ होता व वापराची व्याख्या अपुरी पडली. कार्यवट्टम येथे चालकच दुर्बल झाला. दोन्ही ठिकाणी निस्तरण्याचे काम अखेर शासनाकडे परत आले. चालविण्याचे काम कराराने दुसऱ्यास देता येते. लोकांच्या वापराची जबाबदारी तशी देता येत नाही, असे ह्यावरून म्हणता येईल.

५. पुनर्विकास आणि धाराशिव

आता धाराशिवकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार ह्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती; शहराची एक लाखाच्या थोडी वर. २०१८ मध्ये केंद्र शासनाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत ह्याचा समावेश झाला. संपत्तीच्या मानाने मागे असलेला हा जिल्हा खो-खोत मात्र अग्रेसर आहे. भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेल्या व २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळविलेल्या सारिका काळे येथल्याच. नोव्हेंबर २०२२ मध्ये खो-खोची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा शहरातील श्री तुळजाभवानी स्टेडियमवर झाली.

खो-खोस भव्य वास्तू लागत नाही. सुमारे २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद अशी जागा, दोन खांब आणि नित्याचा सराव, एवढ्यावर खेळाडू घडतो. समजा, एका मैदानावर वर्षातील ३०० दिवस सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास सराव चालतो. हे १,२०० तास झाले. त्याच मैदानावर तिकीट लावून भरविलेल्या स्पर्धा वर्षातून दहा दिवस, रोज आठ तास होतात. हे ८० तास झाले. कंपनीच्या जमाखर्चात हे ८० तास दिसतील, १,२०० तास दिसणार नाहीत. आणि खेळाडू तर त्या न दिसणाऱ्या तासांत घडतो.

येथे ‘पुनर्विकास’ ह्या शब्दाकडे पाहावे. तो मराठीत प्रचलित झाला मुख्यतः मुंबईतील जुन्या चाळी व इमारती यांच्या संदर्भात. तेथे त्याचा एक निश्चित संकेत आहे : जुनी इमारत पाडण्यापूर्वी रहिवाशांची यादी होते, आणि नव्या इमारतीत प्रत्येकास जागा देण्याचे बंधन विकासकावर असते. वाढीव बांधकाम विकून त्याने नफा मिळवावा, पण आधी जुन्या रहिवाशाचे देणे चुकवावे, हा त्या व्यवहाराचा गाभा. तो सर्वत्र पाळला जातो असे नव्हे. पण हक्क सांगावयास यादी असते. क्रीडांगणास हाच शब्द लावताना शब्द तेवढा आला, यादी आली नाही. पहाटे धावणारे, पोलीस व सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण, शाळांचे संघ, फिरावयास येणारे वृद्ध, ह्यांची नोंद बहुधा कोठेच नसते. ज्याची नोंद नाही त्याचे विस्थापनही नोंदले जात नाही.

तेव्हा धाराशिवसारख्या शहराने अशा योजनेचा विचार करू नये काय? तसे म्हणणे बरोबर होणार नाही. मोडकळीस आलेले, अंधारे, पाण्याची सोय नसलेले मैदान लोकांच्या मालकीचे आहे एवढ्याने ते लोकांच्या उपयोगाचे ठरत नाही. खाजगी भांडवलाने ते सुधारत असेल तर त्यास तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. मात्र निविदा काढण्यापूर्वी वापरणाऱ्यांची यादी तयार झाली पाहिजे. विनाशुल्क सरावाचे तास ‘योग्य तेवढे’ अशा मोघम शब्दांत न लिहिता संख्येने लिहिले पाहिजेत. देखभाल म्हणजे काय, हे हिरवळ, धावपट्टी, दिवे, पाणी व स्वच्छतागृहे अशा एकेका बाबीने सांगितले पाहिजे. चालक असमर्थ ठरल्यास ताबा कोणाकडे व किती दिवसांत जाईल, हेही त्यातच यावे. आणि हा करार इंग्रजीबरोबर मराठीतही प्रसिद्ध व्हावा. त्यात ‘चालविणे’ व ‘वापरणे’ ही क्रियापदे वेगळी ठेवून, प्रत्येकाचा कर्ता स्पष्ट लिहावा.

हे शेवटचे काम भाषेच्या अभ्यासकांचे आहे. करारांच्या मराठी अनुवादाकडे विद्यापीठांतील भाषाविभागांनी आजवर क्वचितच संशोधनाचा विषय म्हणून पाहिले आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखाद्या शहरातील अशा कराराची संहिता, त्याची निविदा व त्यावरील ठराव एकत्र ठेवून त्यांतील क्रियापदांचे कर्ते मोजून पाहिले, तरी पुष्कळ हाती लागेल. कर्ता सांगितला नाही तरी वाक्य मराठीत शुद्ध ठरते. करारात मात्र कर्ता सांगितला नाही तर मैदान कोणाचे, हे सांगता येत नाही.