आधी आंघोळ नको (भाग 11)

आज अत्याचारपीडितांना मदत देणाऱ्या राज्य सरकारच्या ‘मनोधैर्य’ योजनेवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. मधेच जिल्ह्यातल्या एका आईंचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. मुलगा म्हणून वाढवलेलं त्यांचं लेकरू आता मुलगी म्हणून राहतं. 2019 च्या कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोनच वर्षांची शिक्षा ठेवली, हे गेल्या भागात वाचून त्या हादरल्या. विचारतात, “कायद्याचं राहू द्या. उद्या माझं लेकरू असं काही सोसून रात्री दारात आलं, तर मी आधी काय करू?”

आधी घरात घ्या. हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण अशा वेळी कितीतरी घरांत पहिला प्रश्न येतो तो ‘तू तसा राहतोस म्हणूनच झालं ना?’ हा. तो ऐकल्यावर पोर दवाखान्यात कशाला जाईल?

मग, आंघोळीला पाठवू नका. आईचा हात आपसूक गरम पाण्याकडे जातो, तो आवरा. अंगावरचे कपडे काढले असतील तर धुऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत ते दमट राहून पुरावा खराब होतो, म्हणून कागदात गुंडाळून सोबत न्या. आंघोळ झाली असली तरी जाच. 96 तासांपर्यंत नमुने घेता येतात. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं मात्र 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. एफआयआर नाही म्हणून दवाखान्याला परत पाठवता येत नाही, आणि उपचार सरकारी काय, खासगी काय, मोफतच द्यायचे असतात.

तपासणीचा विषय निघाला की सेवाग्राम आठवतंच. आमच्या पवनारहून ऑटोनं जाता येईल एवढ्या अंतरावरचं ते वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या न्यायवैद्यक विभागातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी 2010 मध्ये बलात्काराच्या प्रकरणांतल्या तपासणीची दैना मांडणारा अहवाल केला. त्याच्या आधारे डॉ. रंजना पारधी नागपूर खंडपीठात जनहित याचिका घेऊन गेल्या. वर्ध्याच्या मातीतून उठलेल्या या कामाचा मला फार अभिमान वाटतो. पुढे 2014 मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दोन बोटांची चाचणी बाद झाली आणि तृतीयपंथी पीडितांचाही स्वतंत्र विचार झाला. तपासणी स्त्री डॉक्टरनं करावी की पुरुष डॉक्टरनं, हे त्यांना विचारायचं. पोलिसांनी खोलीत थांबायचं नाही. पीडितेची इच्छा असेल तर नातेवाईक थांबू शकतात.

पण नातेवाईक कोण? 2019 च्या कायद्यानं कुटुंब म्हणजे रक्ताचं, लग्नाचं किंवा कायदेशीर दत्तकाचं नातं, एवढंच धरलं. घरानं हाकलल्यावर हिजडा समाजातल्या ज्या गुरूनं जेवू घातलं, आजारपणात उशाशी बसून रात्री जागून काढल्या, ती या व्याख्येत बसत नाही. हे मला साफ अमान्य आहे. पीडिता जिला ‘माझं माणूस’ म्हणेल तिला डॉक्टरांनी आत येऊ द्यावं.

तरीही जन्मदात्यांची जागा मी कमी लेखणार नाही. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ वाचा. लहानपणी सोसलेल्या अत्याचारांबद्दल त्यांनी उघड लिहिलंय. पुढे त्या हिजडा झाल्या, तरी आईवडिलांनी त्यांना घराबाहेर काढलं नाही. लक्ष्मी देशभर ताठ मानेनं बोलत फिरल्या, त्यात या दोघांचा वाटा मोठा आहे.

तेव्हा ताई, तुम्ही सोबत जा. लेकरू सज्ञान असेल तर संमतीची सही त्याचीच. तपासणी कर किंवा करू नको, असा आग्रह धरू नका. केसपेपरवर जुनं नाव असेल तर तिला कोणत्या नावानं हाक मारायची ते नर्सताईंना तुम्हीच सांगा. आणि तो कागद जपून ठेवा. ‘मनोधैर्य’ योजना आखली गेली ती महिला आणि बालकांसाठी. तुमच्या मुलीला त्यात जागा कशी मागायची, ते पुढच्या भागात.