वऱ्हाडांतील कापूस आणि यंत्रशोधांची गति

आमच्या बाभुळगांवच्या घरीं माळ्यावर सरकी काढण्याची एक लाकडी चरकी कित्येक वर्षें पडून होती. गेल्या दिवाळीच्या झाडलोटींत ती खालीं आणली. एकावर एक अशा दोन आडव्या लाटा, त्यांच्या एका टोकास कोरलेले व एकमेकांत गुंतलेले मळसूत्री दांते, आणि फिरविण्यास एक दांडा, एवढीच तिची रचना. सुताराचें नांव नाहीं, शक नाहीं, कसलाही लेख नाहीं. ज्या पोथीस पुष्पिका नसते तिचा काळ आपण अक्षराच्या वळणावरून व कागदावरून ठरवितों. त्याच रीतीनें हिचा काळ दात्यांच्या घडणीवरून ठरवूं गेलों, तों मार्ग खुंटला. असे दांते चौदाव्या शतकाच्या सुमारास हिंदुस्थानांत प्रचारांत आले असें अभ्यासक मानतात; आणि 1920 नंतर खादीच्या चळवळींत ज्या चरक्या घरोघर फिरल्या त्यांची घडणही तत्त्वतः हीच. पांचशें वर्षें ज्या वस्तूचें रूप पालटलें नाहीं, तिचा काळ रूपावरून कसा सांगावा?

या अडचणींतून एक मोठा प्रश्न समोर आला. मनुष्याच्या यंत्रशोधांची गति मंदावत आहे, असें मत अलीकडे जोरानें मांडलें जातें. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट गॉर्डन यांनीं 2016 सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, वीज, नळाचें पाणी, मोटार यांनीं 1870 ते 1970 या शंभर वर्षांत जीवन जितकें बदललें तितकें पुढील शोधांनीं बदललेलें नाहीं. 2020 सालीं ब्लूम, जोन्स, व्हॅन रीनेन व वेब या चौघांनीं दाखविलें कीं, संगणकाच्या चकतीवरील घटकांची संख्या नियमानें दुप्पट होत राहावी म्हणून 1970 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत जितके संशोधक लागत, त्यांच्या अठरा पटींहून अधिक आतां लागतात. उलट पक्षीं, संगणकानें नवें युग आणलें असें म्हणणारेही थोडे नाहींत. हा वाद साऱ्या जगाबद्दल एकदम चालला म्हणजे निर्णय होत नाहीं. म्हणून एक पीक व एक प्रांत घेऊन तो तपासून पाहावा असें मला वाटलें. वऱ्हाडांत तें पीक कापसाचेंच असणार.

‘शोध’ हा शब्द शुध् धातूपासून आला आहे; शोधणें म्हणजे मूळांत शुद्ध करणें. तेव्हां रुईंतून सरकी वेगळी करणाऱ्या साधनापासून आरंभ करणें शब्दार्थासही धरून होईल. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत, म्हणजे सुमारें पांचव्या शतकांत, एका लाटेची चरकी अभ्यासकांनीं ओळखली आहे. पुढें दोन लाटांची व मळसूत्री दात्यांची चरकी आली. त्यानंतर शतकेंच्या शतकें कांहीं नवें दिसत नाहीं. 1793 सालीं अमेरिकेंत एली व्हिट्नी यानें दात्यांचें यंत्र केलें. त्याचे दांते तंतू ओढून अरुंद फटींतून पलीकडे नेत व सरकी अलीकडे राही. कंपनी सरकारनें 1840 च्या सुमारास अमेरिकेंतील मळेवाले आणवून तें येथें रुजविण्याची खटपट केली, परंतु आंखूड धाग्याच्या देशी कापसास तें फारसें मानवलें नाहीं. त्याच 1840 सालीं अमेरिकेंत मॅकार्थी यानें निराळें यंत्र काढलें. त्यांत चामड्यानें मढविलेला रूळ तंतू ओढतो, स्थिर पातें सरकी अडवितें व हलतें पातें तिला झटकून टाकतें. हें मात्र आपल्या कापसास मानवलें.

तें वऱ्हाडांत कां आलें? अमेरिकेंतील यादवी युद्धानें (1861-65) मँचेस्टरचा कापूस अडला, वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले आणि 1867 सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला. यवतमाळहून बाभुळगांवावरून धामणगांवच्या स्थानकाकडे जाणारा रस्ता आजही त्या व्यापाराची आठवण देतो. लोहमार्ग झाला, मागणी वाढली, आणि ज्यास आपण ‘जीन’ म्हणतों तीं कारखान्यांचीं आवारें गांवोगांव उभीं राहिलीं. म्हणजे यंत्राच्या उत्पत्तीची तारीख एक व प्रवेशाची तारीख दुसरी. तिसरी तारीख निवृत्तीची. यवतमाळ-मूर्तिजापूर या अडीच फुटी लोहमार्गावरील शकुंतला गाडीस 1921 सालीं मँचेस्टरास बांधलेलें वाफेचें इंजिन 1923 सालीं जोडलें गेलें आणि 1994 च्या एप्रिलांत काढून त्या जागीं डिझेलचें आलें. म्हणजे एकच इंजिन सत्तर वर्षें राबलें. या तिन्ही तारखा निरनिराळ्या मांडल्या नाहींत तर गतीचें गणित चुकतें.

आतां जीनच्या आवारांत आज काय दिसतें तें पाहावें. वाफेच्या जागीं वीज आली आहे. 2000 सालीं सुरू झालेल्या सरकारी कापूस-तंत्रज्ञान योजनेनें पुष्कळ कारखाने सुधारले. परंतु मुख्य यंत्र दुहेरी रुळाचें असून त्याचें तत्त्व मॅकार्थीचेंच आहे. जवळजवळ दोन शतकें एकच तत्त्व! याला मंदी म्हणावी तर तिनें कोणाचें अडलें नाहीं. सरकी काल जशी निघत होती तशीच आजही निघते. ती यंत्राशीं युद्ध करीत नाहीं.

वेचणीची गोष्ट निराळी. अमेरिकेंत वेचणीचीं यंत्रें 1940 नंतर बाजारांत आलीं व 1970 च्या सुमारास तेथील जवळजवळ सर्व कापूस यंत्रानें निघूं लागला. आमच्या शिवारांत तो अद्याप बहुतांशीं बायकांच्या हातांनींच वेचला जातो. झाड पसरट, बोंडें एकदम उमलत नाहींत, तीन-चार वेचण्या कराव्या लागतात, वावरें लहान आणि मजुरी थोडी. येथें शोध थांबलेला नाहीं, त्याचा प्रवेश थांबला आहे. आणि त्या थांबण्याची किंमत कमरेवर ओटी बांधून वांकणाऱ्या मजूर बाई देत आहेत.

खरी चिंता आहे ती बियाण्याची. 1970 सालीं सुरतेस डॉ. सी. टी. पटेल यांनीं एच-4 हें कापसाचें संकरित वाण प्रसिद्ध केलें. व्यापारी लागवडीचें असें तें जगांतील पहिलें. 2002 च्या मार्चांत बीटी कापसास परवानगी मिळाली व 2006 सालीं दोन जनुकांचा प्रकार आला. देशांत हेक्टरीं रुईचें उत्पादन 2001-02 सालीं सुमारें 300 किलो होतें, तें 2007-08 सालीं सुमारें 550 वर गेलें. त्यांत खत, पाणी व पाऊस यांचाही वांटा होता हें विसरूं नये. पुढें तें चढलें नाहीं. अलीकडे तें 450 च्या आसपास घुटमळतें. 2006 नंतर कापसांत नव्या जनुकीय गुणाच्या बियाण्यास लागवडीची परवानगी मिळालेली नाहीं. मध्यंतरीं शेंदरी बोंडअळी त्या विषास निर्ढावली. 2017 च्या हंगामांत तिनें विदर्भांत बोंडें पोखरलीं, आणि त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले.

यावरून माझा निष्कर्ष असा. शोधांची गति मंदावली काय, हा प्रश्न अपुरा आहे. ती कोणाच्या मानानें मंदावली, हें आधीं विचारलें पाहिजे. चरकी पांचशें वर्षें थांबली तरी तिचें काम बिघडलें नाहीं, कारण तिच्यासमोर निर्जीव सरकी होती. बियाण्यासमोर जिवंत अळी आहे आणि ती थांबत नाहीं. म्हणून थांबलेलें यंत्र होतें तेथेंच राहतें, पण थांबलेलें बियाणें मागें पडतें. एकाच पिकांत विरामाचीं इतकीं निरनिराळीं फळें दिसत असतां साऱ्या जगास एकच माप लावणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

संग्राहक मित्रांस शेवटीं एक विनंति. आपण पोथ्या व सनदा जपतों, तशाच जुन्या जीनमधील आवकजावकीच्या वह्या, यंत्रांवरील ओतीव नांवपट्ट्या आणि बियाण्याच्या पावत्या व पिशव्याही जपाव्या. भंगाराच्या भावानें त्या रोज नाहींशा होत आहेत. चरकीवर सुतारानें तारीख घातली असती तर माझें काम सोपें झालें असतें. आपण तरी आपल्या काळाच्या वस्तूंवर तीन तारखा लिहून ठेवूं: केव्हां निघाली, केव्हां आली, केव्हां गेली.