पेनड्राइव्हमधला पाहुणा

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेला पेनड्राइव्ह घरी उघडावा, तर प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण आणि आकार जेमतेम एक-दोन केबी. हा शॉर्टकट व्हायरस. मूळ फोल्डर पुसलेले नसतात, ‘हिडन’ करून नजरेआड केलेले असतात. त्यांच्याच नावाच्या शॉर्टकटवर क्लिक केले की व्हायरस चालू होतो आणि पाठोपाठ खरा फोल्डरही उघडतो. त्यामुळे कुणाला संशय येत नाही.

नुसती पडून असलेली फाइल निरुपद्रवी असते. तिला कुणीतरी चालवावे लागते. पूर्वी हे काम विंडोजचे ‘ऑटोरन’ परस्पर करी. २००८ साली आलेल्या कॉन्फिकर नावाच्या व्हायरसने या सोयीचा फायदा घेतला. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हपुरते ऑटोरन बंद झाले, २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टावरही. आता बहुतेक व्हायरस माणसाच्या डबल-क्लिकची वाट पाहतात. बहुतेक म्हणायचे, कारण २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेटला शॉर्टकटचे चित्र पडद्यावर दिसणेही पुरत असे. त्याच वर्षी आलेली दुरुस्ती अपुरी निघाली आणि २०१५ मध्ये ती फट पुन्हा बुजवावी लागली; अपडेट न घेणाऱ्यांसाठी तर ती उघडीच राहिली.

म्हणून आधी विंडोज आणि अँटीव्हायरस अद्ययावत करावे, सेटिंग्जमधून ‘ऑटोप्ले’ बंद करावे, मगच ड्राइव्ह जोडावा. तो उघडू नये. ‘धिस पीसी’मध्ये त्याच्या नावावर राइट-क्लिक करून स्कॅन करावा. मोठ्या हार्ड डिस्कला काही तास लागू शकतात. घाई करण्यात अर्थ नाही. नंतर लपलेल्या फाइली आणि फाइलनावांची शेपटे दिसतील अशी सोय करावी. फोटोच्या नावाशेवटी ‘ईएक्सई’ असेल तर तो फोटो नव्हे.

अँटीव्हायरसला काही सापडले नाही, तरी नवा व्हायरस त्याच्या नजरेतून सुटू शकतो. संशय दाट असेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करणे उत्तम, कारण विंडोजसाठी लिहिलेले व्हायरस तिथे सहसा चालत नाहीत. हवी ती कागदपत्रे आणि छायाचित्रे तेवढी उचलावीत, तीही स्कॅन करावीत आणि ड्राइव्ह फॉरमॅट करावा. घरचाच संगणक बाधित असेल, तर तो आधी साफ करावा. नाहीतर ड्राइव्ह पुन्हा जोडताच व्हायरस परत येतो.

एका धोक्यावर मात्र स्कॅन आणि फॉरमॅट दोन्ही निष्प्रभ ठरतात. काही पेनड्राइव्हच्या आतल्या चिपचा प्रोग्रामच बदलता येतो, हे २०१४ मध्ये ‘बॅडयूएसबी’ या संशोधनाने दाखवले. असा पेनड्राइव्ह स्वतःला कीबोर्ड म्हणवून परस्पर आज्ञा टाइप करतो. रस्त्यात सापडलेला ड्राइव्ह त्यामुळे तपासायलासुद्धा जोडू नये.