दप्तर तेच, बासन नवे

मोठमोठ्या कंपन्यांचे कागद सांभाळून देण्याचा एक धंदा गेली चाळीसएक वर्षे अमेरिका, कॅनडा आणि युरोपात जोरात चालू आहे. त्याचे इंग्रजी नाव ‘एंटरप्राइज कंटेंट मॅनेजमेंट’. बाजारात त्याला ‘ईसीएम’ म्हणतात. नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. बिले, करारपत्रे, पत्रव्यवहार, नकाशे, अर्ज, ईमेल असे जे जे एखाद्या संस्थेत लिहिले जाते ते संगणकात भरायचे, त्याला क्रमांक द्यायचा, ते कोणी पाहावे व कोणी पाहू नये हे ठरवायचे, मागितले की काढून द्यायचे आणि मुदत संपली की नष्ट करायचे, एवढाच त्याचा अर्थ. पेढीवर हे काम मुनीमजी करीत. त्यांना कोणी ईसीएम म्हटले नाही आणि पगारही त्या मानाने दिला नाही.

परदेशच्या या धंद्याशी आपला काय संबंध, असे व्यापारी बांधव विचारतील. संबंध असा की, त्याच मालाची लहान आवृत्ती घेऊन विक्रेते आता आपल्या दुकानाच्या पायरीपर्यंत आले आहेत. ‘बिलाचा फोटो काढा, आमच्याकडे टाका आणि कागद विसरा’ असे ते सांगतात. कागद विसरण्यापूर्वी या घराण्याची कुळकथा जाणून घेतलेली बरी.

नावांचा हंगाम

कापडबाजारात न खपलेले डिझाइन पुढच्या हंगामात नव्या नावाने उघडतात. त्याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु नावे बदलण्याच्या हौसेत हे सॉफ्टवेअरवाले आपल्या सगळ्या बाजाराला मागे टाकतील.

या व्यवसायाची अमेरिकेतील संघटना १९४३ मध्ये स्थापन झाली. त्या वेळी कागदाचे बारीक फोटो काढून रिळावर ठेवीत, म्हणून संघटनेच्या नावात ‘मायक्रोफिल्म’ होते. रिळे मागे पडली, नाव बदलले. आज ती ‘आयिम’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात फाइलनेट ही कंपनी निघाली. ती कागदाचे चित्र काढून चकतीवर साठवी, म्हणून त्या कामाला ‘इमेजिंग’ म्हणू लागले. मग ‘डॉक्युमेंट मॅनेजमेंट’ आले. इंटरनेटबरोबर ‘वेब कंटेंट’ आले. २००० च्या सुमारास या सगळ्यांची मोट बांधून ‘ईसीएम’ हे नाव ठेवले गेले. आणि २०१७ च्या प्रारंभी गार्टनर या अमेरिकी सल्लागार संस्थेच्या तज्ज्ञांनी जाहीर केले की, ईसीएम मरण पावले असून ‘कंटेंट सर्व्हिसेस’चा जन्म झाला आहे!

मयत आणि बारसे एकाच दिवशी, एकाच घरात. मौज अशी की, मयताचे दुकान त्या दिवशीही उघडेच होते. त्याच कंपन्या, तोच माल, पाटी तेवढी नवी. हल्ली त्याच पाटीवर ‘एआय’ ही दोन अक्षरे रंगवण्याचे काम चालू आहे.

कागद संपणार ही भविष्यवाणीही जुनीच. १९७५ मध्ये ‘बिझनेस वीक’ या अमेरिकी साप्ताहिकाने भविष्यातील कार्यालयावर लेख छापला. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्राचे प्रमुख जॉर्ज पेक यांनी त्यात सांगितले की, वीस वर्षांत टेबलावर पडदा येईल आणि बटन दाबताच हवा तो कागद त्यावर दिसेल. पडदा आला, बटनही आले. पण त्याच टेबलाखाली छपाईचे यंत्रही आले, आणि पडद्यावर वाचलेला मजकूर खात्रीसाठी छापून घेण्याची सवय लागली. कागद कमी होईल असे सांगणाऱ्या गृहस्थांची कंपनी कागदाच्या नकला काढणारी यंत्रे विकत होती, हेही लक्षात ठेवावे.

मालक बदलले, माल तोच

आता मालकीची गोष्ट. १९९० मध्ये डॉक्युमेंटम नावाची कंपनी निघाली. तिला झेरॉक्सचे भांडवल होते. २००३ मध्ये ईएमसी या कंपनीने ती सुमारे १.७ अब्ज डॉलरना घेतली. २०१६ मध्ये ईएमसीलाच डेलने घेतले आणि डॉक्युमेंटम लगेच विकायला काढली. ती १.६२ अब्ज डॉलरना ओपनटेक्स्ट या कॅनडातील कंपनीकडे गेली. तेरा वर्षे वापरलेला माल जवळजवळ खरेदीच्याच भावाने विकला गेला. आपल्याकडे असे भाग्य फक्त सोन्याला लाभते. डॉक्युमेंटमच्या संस्थापकांपैकी जॉन न्यूटन यांनी २००५ मध्ये आल्फ्रेस्को ही नवी कंपनी काढली, आणि २०२० मध्ये तीही ओहायोच्या हायलँडने विकत घेतली.

फाइलनेट २००६ मध्ये आयबीएमने सुमारे १.६ अब्ज डॉलरना घेतली. त्याच वर्षी ओरॅकलने स्टेलंटचा सौदा ४४ कोटी डॉलरना केला. २००९ मध्ये व्हिन्येट ओपनटेक्स्टकडे गेली. ही ओपनटेक्स्ट म्हणजे या मोहल्ल्यातले मोठे घर. वॉटर्लू विद्यापीठात ऑक्सफर्डचा प्रचंड इंग्रजी शब्दकोश संगणकावर आणण्याचे काम चालले होते, त्यातून ती १९९१ मध्ये जन्माला आली. शब्दकोशात जसे सगळे शब्द शेवटी येऊन बसतात, तशा या धंद्यातल्या बऱ्याच कंपन्या तिच्या पोटात येऊन बसल्या.

थान न उलगडता सौदा

सर्वांत गाजलेला व्यवहार ऑटोनॉमीचा. इंग्लंडमधील या कंपनीने २००९ मध्ये इंटरवोव्हन ही कंपनी घेतली आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या एचपीने ऑटोनॉमीच सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतली. जेमतेम वर्ष झाले नाही तोच, नोव्हेंबर २०१२ मध्ये एचपीने ८.८ अब्ज डॉलरचे मूल्य वहीतून कमी केले आणि हिशेबात फसवणूक झाल्याचा आरोप केला. लंडनच्या न्यायालयाने २०२२ मध्ये दिवाणी दाव्यात बव्हंशी एचपीच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेतील फौजदारी खटल्यात मात्र जून २०२४ मध्ये संस्थापक माइक लिंच निर्दोष सुटले. त्यानंतर सुमारे अडीच महिन्यांनी सिसिलीजवळ त्यांची नौका बुडून त्यांचा अंत झाला.

मृताबद्दल आम्ही थट्टा करणार नाही. खरेदीदाराबद्दल मात्र बोलता येते. आपल्याकडचा नवशिका गुमास्ताही थानाचे वरचे दोन फेर पाहून सौदा करीत नाही. आतले कापड उलगडून, उजेडात धरून पाहतो. जगाला कागद सांभाळायला शिकवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे कागद काय सांगतात, यावर दोन देशांत बारा-तेरा वर्षे वाद चालावा, याहून मोठा विनोद आम्हाला रचता येणार नाही. शेवटी इंटरवोव्हनचा काही माल २०१६ मध्ये आणि ऑटोनॉमीचा उरलेला बराचसा माल २०२३ मध्ये, मधल्या मालकांमार्फत, कोणाकडे गेला म्हणता? ओपनटेक्स्टकडे!

बासनात गुंडाळलेले

या धंद्यातले लोक स्वतःवरही हसतात. त्यांच्यातला एक शब्द आहे, ‘शेल्फवेअर’. म्हणजे कंपनीने पैसे मोजून घेतलेले आणि फळीवर धूळ खात पडलेले सॉफ्टवेअर. मराठीत यासाठी आधीच चांगला शब्दप्रयोग आहे: बासनात गुंडाळणे. वर दरसाल देखभालीपोटी मूळ किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी रक्कम द्यावी लागते. धूळ खाण्याचेही भाडे!

न वापरण्याचे कारण साधे आहे. प्रत्येक कागद भरताना त्याचा प्रकार, तारीख, विभाग, विषय अशा दहा-बारा चौकटी भरायला सांगतात. कारकून कंटाळतो आणि सगळीकडे ‘इतर’ लिहितो. दोन वर्षांनी शोधायला गेले की सगळी कंपनीच ‘इतर’मध्ये सापडते. बाकीचे लोक आपापल्या संगणकात ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’ आणि ‘खरोखर अंतिम’ अशा नावांनी एकच करार तीनदा ठेवतात. सही मात्र चौथ्यावरच झालेली असते.

मग सल्लागार बोलावतात. गार्टनर एका चौकोनाचे चार भाग करून कोणती कंपनी पुढारी, कोणती आव्हान देणारी, कोणती दूरदर्शी आणि कोणती कोपऱ्यातली हे मांडते. ज्यांचा क्रम लावायचा, त्यांतलेही काही तिचे पैसे देणारे ग्राहक असतात. त्या पैशाचा क्रमाशी संबंध नाही असे ती सांगते, आणि तसे असेलही. आपल्याकडच्या दलालाने दोन्ही बाजूंची दलाली घेतली तर आपण भाव स्वतः एकदा विचारून घेतो, इतकेच.

मग हे सगळे थोतांड आहे काय?

मुळीच नाही. नवे औषध मंजूर करून घेण्यासाठी कारखान्याला पानांचे डोंगर सादर करावे लागतात. विमानाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत जुने पान राहून गेले तर माणसे मरतात. अशा कामांत कोणता कागद ताजा, तो कोणी बदलला, कधी बदलला हे सांगणारी यंत्रणा लागतेच. २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉन कंपनी बुडाली, तेव्हा तिच्या हिशेबतपासनीस आर्थर अँडरसनने कागदांचा चुरा केल्याचे उघड झाले. २००२ मध्ये त्यांना दोषी ठरवले गेले. २००५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला खरा, पण तोवर ती जुनी पेढी संपली होती. २००२ मध्येच तिथे हिशेब व कागदपत्रांबाबत कडक कायदा झाला. कोणता कागद किती काळ ठेवायचा, हा प्रश्न तेव्हापासून मालकाच्या टेबलावर आला. आपल्याकडेही १९९२ मध्ये दिल्लीत निघालेली न्यूजेन ही कंपनी बँकांना असेच सॉफ्टवेअर पुरवते.

सांगण्याचे तात्पर्य, गरज खरी आहे. फक्त ती नवी नाही. दफ्तर, दस्तऐवज, तारीख, रोजकीर्द, जमाखर्च हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीत येऊन घरचे झाले. फर्द लिहिणारा तो फर्दनवीस, त्याचाच मराठीत फडणीस झाला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि अभ्यासक आजही रुमालाचा क्रमांक सांगूनच कागद मागतात. म्हणजे कागद सांभाळण्याच्या धंद्यात आपले कापड सॉफ्टवेअरच्या फार आधी पोहोचले होते! रुमालाची खुबी अशी की, गाठ कोणालाही सोडता येते. बांधणारा निघून गेला तरी कागद अडकून पडत नाही.

आपण काय करावे

जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेबाचे कागद ठेवावे लागतात. उदाहरणार्थ, २०२२-२३ सालचे कागद ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. अपील वा चौकशी चालू असेल तर त्याहूनही अधिक. खरेदीचे बिल दाखवता आले नाही तर भरलेल्या कराची वजावट हातची जाते. सूत यंत्रमागावर किंवा कापड रंगाईला चलानावर पाठवले आणि वर्षाच्या आत परत आल्याचे कागद नसले, तर तो माल पाठवला त्या दिवशीच विकला असे धरून कर मागता येतो. लहान कारागिराचे वर्षाचे सारे उत्पन्न अशा एका चलानात अडकू शकते. नोंदी संगणकात ठेवायला कायद्याची हरकत नाही. मात्र त्यांची सुरक्षित प्रत ठेवणे आणि मागणी होताच वाचता येईल अशा रूपात हजर करणे ही जबाबदारी व्यापाऱ्याची आहे, सॉफ्टवेअर विकणाऱ्याची नाही.

मागे आमच्या पेढीवर एक तरुण विक्रेता आला होता. मुलगा चुणचुणीत. आम्ही विचारले, ‘बेटा, उद्या तुमची कंपनी विकली गेली तर आमची बिले कोण देणार?’ तो म्हणाला, ‘शेठ, आमची कंपनी कधीच विकली जाणार नाही.’ आम्ही विचारले, ‘याआधी कुठे होतास?’ म्हणाला, ‘दुसऱ्या एका कंपनीत होतो. ती विकली गेली, म्हणून इकडे आलो.’ आम्ही त्याला चहा पाजला. त्याच्याशी भांडण्यात काय अर्थ होता?

तेव्हा घेणाऱ्याने जरूर घ्यावे, पण चार गोष्टी आधी विचाराव्यात आणि उत्तर लेखी घ्यावे. पहिली, आमचे सगळे कागद सूचीसकट, साध्या कोणत्याही संगणकावर उघडतील अशा रूपात परत मिळतील काय, आणि त्याचे किती पैसे? दुसरी, वर्गणी थांबवली तर कागद किती दिवस राहतील? तिसरी, तुमची कंपनी दुसऱ्याने घेतली तर हा करार त्याच्यावर बंधनकारक राहील काय? चौथी गोष्ट विक्रेत्याला नव्हे, स्वतःला विचारायची: दुकान वाढवण्यापूर्वी रोज पंधरा मिनिटे बसून दिवसाचे कागद लावणार कोण? मुलगा, भाचा की आपण स्वतः?

या चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याचे काम पत्र्याच्या कपाटातही चालते आणि सॉफ्टवेअरमध्येही चालते. ज्याच्याकडे नाही, त्याने अब्जावधी डॉलरची सगळी कंपनी घरी आणली तरी ऐन तपासणीच्या दिवशी चलान सापडायचे नाही. संगणक कागद ठेवील. लावायची सवय आपल्यालाच आणावी लागेल.