कुडाचे घर
कुडाचे घर : लाकडी खांबांच्या सांगाड्यावर गवताचे किंवा भाताच्या पेंढ्याचे छप्पर आणि कारवीच्या वा बांबूच्या काठ्यांच्या, शेणमातीने लिंपलेल्या भिंती असलेले घर. अशा भिंतीस ‘कूड’ म्हणतात. कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी हा प्रकार पूर्वापार प्रचलित आहे. ठाणे जिल्ह्यात कल्याणहून विठ्ठलवाडी, अंबरनाथ व बदलापूर यांवरून कर्जतकडे जाणाऱ्या पट्ट्यात कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी इ. लोकांची वस्ती बव्हंशी अशा घरांतून असे. विठ्ठलवाडीचा परिसर आता पूर्णपणे नागरी झाला असला, तरी या पट्ट्यातील डोंगरपायथ्याच्या काही वाड्यांतून कुडाच्या भिंती अद्याप आढळतात.

प्राचीनत्व : अंबरनाथ येथे वालधुनी नदीकाठी शिलाहारकालीन शिवमंदिर असून त्यातील शिलालेखात शके ९८२ (इ. स. १०६०) हा काळ दिलेला आहे. मंदिराचा दगड टिकला. परंतु त्याच्या आसपास राहणाऱ्यांच्या घरांचे गवत, काठ्या व माती टिकणे शक्य नव्हते. त्यामुळे या गृहप्रकाराची परंपरा अप्रत्यक्ष पुराव्यांवरूनच जाणून घ्यावी लागते. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात इ. स. पू. सु. १६००–७०० या काळातील कुडाच्या भिंतींच्या घरांचे अवशेष मिळाले. उल्हास नदीच्या उगमाकडील कोंडाणे येथील लेण्यात, तसेच भाजे व कार्ले येथे लाकडी बांधकामाचे अनुकरण दगडात केलेले असून, भाजे व कार्ले येथील छतांस मूळ लाकडी फासळ्याही आहेत. मध्ययुगाबाबत भाषेची साक्ष महत्त्वाची ठरते. गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या नामदेवांच्या एका पदात त्यांची झोपडी बांधून देणारा कारागीर म्हणजे प्रत्यक्ष परमेश्वर, अशी कल्पना आहे. मुहूर्तमेढ रोवणे, घराचे वासे फिरणे, वळचणीला येणे हे मराठीतील वाक्‌प्रचार याच घराच्या अवयवांवरून आलेले आहेत.

रचना : दगडमातीच्या बुटक्या जोत्यावर ऐन, साग यांसारख्या टिकाऊ लाकडाचे खांब पुरतात. वरच्या टोकाला बेचके असलेल्या खांबास ‘मेढ’ म्हणतात. मधल्या उंच मेढींच्या बेचक्यांत आढे बसवितात. त्यापासून दोन्ही बाजूंस उतरते वासे टाकून त्यांवर बांबूच्या कामट्या आडव्या बांधतात. बांधणीस दोर, वाख किंवा रानवेली वापरीत. खिळ्याची गरज नसे. छपराचा भार मेढींवर पडतो, भिंतीवर नाही. भिंत हा केवळ आडोसा असल्याने ती केव्हाही काढून नव्याने घालता येते, आणि जमिनीतील टोक वाळवीने खाल्लेली मेढही घर न मोडता बदलता येते.

कुडासाठी लागणारी कारवी सह्याद्रीच्या उतारांवर विपुल असते. ती साधारणपणे सात ते आठ वर्षांनी एकदा फुलते व बी धरून वाळते. तिच्या सरळ काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून आडव्या कामट्यांना बांधतात आणि दोन्ही अंगांनी माती, शेण व भाताचे तूस यांचा गिलावा देतात. वरचा भाग पुष्कळदा न लिंपता ठेवतात. त्यातून उजेड व वारा आत येतो.

या भागात पावसाचे वार्षिक सरासरी मान सु. २,५०० मिमी. असल्याने छपराची पाखी चांगलीच उतरती ठेवतात. गवताच्या जाड थरात पाणी न मुरता काडीवरून काडीवर ओघळत वळचणीपर्यंत येते. वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढे काढलेली असते; शिवाय पावसाळ्यात कुडाबाहेर गवताची झड बांधतात. थरात कोंडलेली हवा उन्हाळ्यात उष्णता रोखते. चुलीचा धूर छपरातून हळूहळू बाहेर पडतो व वासे आणि गवत यांतील कीड कमी करतो. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे चूल आणि बाजूच्या पडवीत गुरे, ही नेहमीची मांडणी होय.

शाकारणी : पावसाळ्यापूर्वी छप्पर नव्या गवताने किंवा पेंढ्याने आच्छादणे म्हणजे शाकारणे. हे काम शेजारी सावडीने, म्हणजे श्रमांची परतफेड श्रमांनी करून उरकत. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात काही जुन्या घरांच्या छपरांतून मध्ययुगीन चुलीच्या धुराने काळवंडलेले गवताचे खालचे थर टिकून आहेत. कारण तेथे पुष्कळदा केवळ वरचा थर बदलला जातो. कोकणातील पाऊस व वाळवी यांमुळे येथे तसे घडत नाही. येथील घराचे जुनेपण साहित्यात नसून बांधणीच्या पद्धतीत आहे. साहित्य वारंवार नवे होत गेल्यामुळेच ती पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली.

ऱ्हास : कल्याणहून खोपोलीपर्यंतचा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. १८६५ मध्ये मंगळूर येथे बाझेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला व पुढे मंगळुरी कौलांचा प्रसार झाला. फाळणीनंतर कल्याणजवळील लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत होऊन १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. नंतर कारखान्यांबरोबर नागरी वस्ती बदलापूरपर्यंत पसरली. १९६० नंतर आलेल्या बुटक्या भातजातींचा आखूड पेंढा शाकारण्यास फारसा उपयोगी नाही. आगीची भीती आणि दरवर्षीचे श्रम हे दोषही खरेच आहेत. शासकीय गणनेत अशी घरे ‘कच्ची’ ठरतात. इंदिरा आवास योजना (१९८५) व प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण (२०१६) यांतून अनेक कुटुंबांना पक्के घर मिळाले व सुरक्षितता वाढली. मात्र दगडी वास्तू दुर्लक्षित राहिली, तरी तिचे अवशेष उरतात; कुडाचे घर शाकारले नाही, तर काही पावसाळ्यांतच नष्ट होते. म्हणून मेढ निवडणे, कूड घालणे व छप्पर शाकारणे या कौशल्यांची नोंद आणि ती जाणणाऱ्यांकडून प्रत्यक्ष शिक्षण, हाच या वास्तुप्रकाराच्या जतनाचा खरा मार्ग होय.