ढोलाविना मारियाची

मेक्सिको सिटी : मेक्सिकोच्या पश्चिम भागात, विशेषतः हालिस्को राज्यात, आकाराला आलेला मारियाची हा वाद्यवृंद परदेशी श्रोता ट्रम्पेटवरून ओळखतो, वास्तविक ट्रम्पेट या मेळ्यात फार उशिरा आला, रेडिओ आणि बोलपटांच्या काळात, म्हणजे १९३० नंतर, स्थिरावला आणि त्याची जोडी तर १९५० च्या दशकात रूढ झाली. गास्पार वार्गास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेकालित्लान येथे उभ्या केलेल्या, आज सर्वांत नामांकित मानल्या जाणाऱ्या मेळ्याचा आरंभीचा सरंजाम दोन व्हायोलिने, एक हार्प आणि एक छोटी गितार एवढाच होता.

मारियाचीत तालवाद्य नसते. ताल तंतुवाद्यांनीच धरायचा असतो. खर्जाची बाजू सांभाळणारे गितारोन हे फुगीर पाठीचे, सहा तारांचे आणि पडदे नसलेले अवजड वाद्य असून, एकच स्वर दोन सप्तकांत एकदम उमटावा म्हणून वादक बहुधा दोन तारा एकाच वेळी ओढतो, त्यामुळे ध्वनिवर्धकाशिवायही त्याचा नाद उघड्या चौकात पोहोचतो. त्याच्या जोडीची विउएला, म्हणजे पाच तारांची लहान गितार, वरच्या पट्टीत लावलेली असते, आणि तिच्यावर बोटे झपाट्याने फिरवून काढलेले आघात ढोलाची उणीव भासू देत नाहीत. ‘सोन’ या जुन्या गीतप्रकारात सहा मात्रांचे कधी तीन-तीनचे दोन, तर कधी दोन-दोनचे तीन भाग पडतात. दादऱ्याला सरावलेला कान येथे हमखास चकतो. मारियाचीचे खरे कौशल्य ट्रम्पेटच्या झगमगाटापेक्षा गितारोन-विउएलाच्या या जोडीत आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

चाल मुख्यतः व्हायोलिने वाहतात आणि ओळींमधल्या मोकळ्या जागा ट्रम्पेटसह भरून काढतात.

गायनासाठी निराळा गायक असलाच पाहिजे असे नाही. वादकच आळीपाळीने गातात आणि ध्रुपदाला एकत्र येतात. ‘रांचेरा’ या भावगीताला भरदार, खुला आवाज लागतो. ऑपेराची तालीम घेतलेले होर्खे नेग्रेते त्याचे एक टोक, तर मूळचा उंच पट्टीचा आवाज गमावल्यावर खरखरीत, आव्हान देणारी गायकी घडवणाऱ्या लुचा रेयेस दुसरे. ‘वापांगो’त मात्र गायक अवचित कृत्रिम उंच स्वरात, म्हणजे फाल्सेतोत, उडी घेतो, आणि ‘ग्रितो’ ही लांबवलेली आरोळी वादकांइतक्याच हक्काने श्रोतेही देतात.