वजनाला हलका, निस्तरायला जड

घरात नवा फ्रिज आला की मोठी माणसे फ्रिजभोवती जमतात आणि मुले खोक्याभोवती. आमच्याकडेही तसेच झाले. फ्रिजला हळदकुंकू वाहून झाले आणि मागे उरले थर्मोकोलचे पांढरेशुभ्र ठोकळे. रविवारी भंगारवाल्याला हाक मारली. त्याने पुठ्ठा घेतला, गंजलेली सळई घेतली, फुटकी बादलीसुद्धा घेतली. ठोकळ्यांकडे पाहून मात्र तो हसला. ‘‘ताई, हे नको. हे काट्यावर चढतच नाही!’’

थर्मोकोलचे सारे दुखणे त्याने एका वाक्यात सांगितले.

थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. कारखान्यात त्याचे साखरेएवढे दाणे येतात. त्यांच्या पोटात पेंटेन नावाचे, उष्णतेने वायुरूप होणारे रसायन असते. वाफ दिली की हे दाणे लाह्यांसारखे फुलतात आणि मूळच्या चाळीसपट होतात. मग साच्यात भरून पुन्हा वाफ दिली की एकमेकांना चिकटून ठोकळा तयार! त्यात ९८ टक्के निव्वळ हवा असते. ही कोंडलेली हवा धक्का सोसते आणि उष्णता अडवते. म्हणून बर्फातली मासळी, लशी, टीव्ही, सारे थर्मोकोलच्या कुशीतून सुखरूप प्रवास करते.

आपली आणि त्याची खरी मैत्री मात्र गणपतीतली. तापलेल्या तारेने कापलेल्या महिरपी, सोनेरी कागद, टिकल्या, रात्र जागून चिकटवलेले खांब. घरातल्या कितीतरी मुलांच्या हातांना कलेचे वळण लागले ते या मखरांमुळे. पण विसर्जनानंतर मखराचे काय झाले, हे आपण कधी विचारले नाही. पाण्यात गेलेला थर्मोकोल विरघळत नाही. लाटांनी त्याचे मणी सुटे होतात आणि मासे, पक्षी ते अन्न समजून गिळतात.

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने थर्मोकोलची ताटे, वाट्या, पेले आणि सजावटीचे सामान यांवर बंदी आणली. निदान त्या वर्षीच्या गणपतीपुरती तरी सूट द्या, ही व्यावसायिकांची विनंती मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली. ज्यांचे पोट या कारागिरीवर होते, त्यांना हा घाव सोसावा लागला. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आहे. मखर कापडाचे, पुठ्ठ्याचे झाले. खोक्यातले ठोकळे मात्र अजून घरी येतातच.

या ठोकळ्यांचा पुनर्वापर होत नाही का? होतो. थर्मोकोल वितळवून पुन्हा दाणे करता येतात. त्यांपासून तसबिरींच्या चौकटी, लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या बनतात. अडचण आहे ती वाहतुकीची. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो. तेवढ्याच थर्मोकोलचे जेमतेम १५ ते २० किलो. म्हणजे टेंपो गच्च भरला तरी त्यात माल थोडा आणि हवाच जास्त. डिझेलचे पैसेही सुटायचे नाहीत! यावर उपाय म्हणजे दाबयंत्र. ते हवा काढून ठोकळ्याचा आकार चाळिसाव्या हिश्श्यापर्यंत आणते. मग तोच माल काट्यावर चढतो.

असे यंत्र प्रत्येकाच्या घरी नसणार. पण सोसायटीत एक कोपरा राखून, कोरडे आणि स्वच्छ ठोकळे साठवून एकदम पाठवता येतात. ते कुस्करू नयेत, कारण सुटे मणी कुणालाच गोळा करता येत नाहीत. जाळू तर मुळीच नयेत. त्याचा काळा धूर विषारी असतो. मासळीचे किंवा औषधाचे चांगले खोके पुन्हा पुन्हा वापरावे. आणि दुकानदाराला एकदा विचारून पाहावे, पुठ्ठ्याचे वेष्टण मिळेल का?

आमचे ठोकळे अजून गॅलरीत आहेत. शेजारच्या दोन घरांनी आपलेही आणून ठेवले आहेत. ढीग वाढतो आहे. गाडी बोलावण्याइतका झाला, की काट्यावर चढेल.